ऑर्ग्रीव्हच्या भट्ट्यांवर कोण होतं?

इंग्लंडमध्ये दक्षिण यॉर्कशायरला शेफील्ड आणि रॉदरहॅम ही दोन जुनी पोलादी शहरं एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या मधल्या जागेत वेव्हर्ली नावाची नवी वसाहत उभी राहिली आहे. विटांची नीटस घरं, तळी, चालायला पायवाटा. पलीकडे शेफील्ड विद्यापीठाचं प्रगत उत्पादन संशोधन केंद्र आहे. ते २००१ मध्ये बोइंगच्या भागीदारीत सुरू झालं. शेजारी रोल्स-रॉइसचा कारखाना आहे, मॅक्लारेनचं कार्बन-फायबरचं केंद्र आहे. १९९० पर्यंत या परिसरात ऑर्ग्रीव्हचा कोक प्लांट धूर ओकत होता. आज त्याची एक वीटही दिसत नाही.

माझी मुलगी आणि जावई इथे राहतात. माझी स्वतःची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हन विभागात गेली. आम्ही मूळचे गोंदियाचे. दुर्ग-भिलाईला जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबं हजारोंनी आहेत, त्यांतलंच आमचं एक. त्यामुळे मुलीकडे आलो आणि कुणी सहज म्हणालं की इथे पूर्वी कोकचा कारखाना होता, तेव्हा मी त्या जागेची माहिती काढायला लागलो. पुस्तकं मिळाली, फोटो मिळाले, माहितीपट मिळाले. पण जवळपास सगळं एकाच दिवसाबद्दल होतं : १८ जून १९८४. त्या दिवशी या प्लांटच्या दाराशी पोलीस आणि खाणकामगार यांच्यात जे झालं, ते इंग्लंड अजून विसरलेलं नाही. विसरूही नये. पण त्याच जागी सत्तर वर्षं तीन पाळ्यांमध्ये कोक निघत होता. तो काढणारी माणसं त्या एका दिवसामुळे पार झाकोळली गेली. त्यांच्याच धंद्यातला माणूस म्हणून मला हे खटकतं, म्हणून हा लेख.

आधी कोक म्हणजे काय ते सांगतो. लोखंडाच्या दगडातून लोखंड काढायला पूर्वी लोणारी कोळसा वापरत. त्यापायी इंग्लंडमधली जंगलं कापली जात होती. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल इथे कोक वापरून लोखंड काढलं. पुढची औद्योगिक क्रांती त्या कोकवर उभी राहिली. दगडी कोळसा तसाच झोतभट्टीत घातला तर तो चुरतो, त्यातलं गंधक लोखंडात उतरतं, आणि वरच्या दगडांचा भार त्याला पेलत नाही. म्हणून तो आधी हवाबंद कप्प्यात भाजून घ्यावा लागतो. भाजल्यावर उरतो तो कोक : करडा, सच्छिद्र, कडक, वाजवला तर खणखणणारा. झोतभट्टीत तो उष्णता देतो, दगडातला प्राणवायू काढून घेतो आणि वरचा सगळा भार तोलून धरतो.

कोक ओव्हन म्हणजे उंच, लांब आणि अतिशय अरुंद कप्पा. अशा ओव्हनच्या एका सलग रांगेला बॅटरी म्हणतात. भिलाईच्या आमच्या जुन्या बॅटऱ्यांमध्ये एकेका बॅटरीत ६५ ओव्हन. प्रत्येक ओव्हन सव्वाचार मीटर उंच, चौदा मीटरच्या आसपास लांब आणि रुंदीला जेमतेम हातभर. कपाटात पुस्तकं लावावीत तशा त्या एकमेकींना खेटून उभ्या, आणि दोन भट्ट्यांच्या मधल्या भिंतीत गॅस जळत असतो. बॅटरीच्या माथ्यावरून चार्जिंग कार येते, वरच्या तोंडांतून कोळशाची भुकटी सोडते. लोखंडी झाकणं बसवायची आणि कडेने ओला लेप लावून बंद करायची, म्हणजे धूर बाहेर पडत नाही. मग सोळा-अठरा तास कोळसा आत भाजत राहतो. बाजूच्या भिंतींमधलं तापमान हजार अंशांच्या वर असतं. कोळशातून गॅस निघतो, डांबर निघतं, अमोनिया आणि बेंझॉल निघतं. हे सगळं नळांतून पलीकडच्या रसायन विभागात जातं. अमोनियाचं खत होतं. डांबरापासून नॅफ्थलीन काढतात. आपण कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या त्याच्याच. आमच्या विभागातल्या माणसाच्या कपड्यांना तो वास कायमचा असे.

कोक तयार झाला की पुशिंग. भट्टीचे दोन्ही बाजूंचे दरवाजे यंत्राने काढतात. एका बाजूने पुशर मशीनचा लांबलचक पोलादी दांडा आत शिरतो आणि पलीकडच्या बाजूने लालभडक कोकची आख्खी भिंत हळूहळू बाहेर सरकू लागते. क्षणभर ती तशीच उभी राहते, भेगा पडतात, आणि बारा-तेरा टन निखारा खाली थांबलेल्या क्वेंचिंग कारमध्ये कोसळतो. रात्रीच्या पाळीत सगळा परिसर नारिंगी होतो. इंजिन ती गाडी ओढत मनोऱ्याखाली नेतं, वरून पाण्याचा लोंढा सुटतो आणि पांढऱ्या वाफेचा डोंगर आभाळात चढतो. तोवर पुढच्या भट्टीचा नंबर लागलेला असतो. दर काही मिनिटांनी एक पुशिंग, चोवीस तास, दिवाळी असो की आणखी काही.

थांबवता का येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. भट्टीच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या असतात. त्या शेकडो वेगवेगळ्या आकारांत घडवून एकमेकींत बसवलेल्या असतात. एकदा तापवल्या की त्या थंड होऊ द्यायच्या नसतात. थंड झाल्या की सिलिका आकसते, चिरा पडतात आणि बॅटरी कामातून जाते. म्हणून बॅटरी एकदाच पेटवतात आणि ती मरेपर्यंत तापती ठेवतात. संप असो, युद्ध असो, कुणीतरी भट्टीपाशी असावंच लागतं. ऑर्ग्रीव्हच्या माणसांची सगळी कोंडी याच गोष्टीतून आली.

ऑर्ग्रीव्ह हे मुळात खेडं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे कोळशाची खाण सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास खाणीच्या कंपनीने कोक ओव्हन बांधल्या. १९१८ मध्ये युनायटेड स्टील कंपनीज हा उद्योगसमूह तयार झाला, त्यात ही खाण कंपनीही गेली. एकाच मालकाच्या खाणीतून कोळसा, शेजारीच त्याचा कोक, आणि तो कोक त्याच मालकाच्या झोतभट्ट्यांना, असा तो हिशेब होता. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पोलाद कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि कोक प्लांट ब्रिटिश स्टीलकडे आला. खाण १९८१ मध्ये बंद पडली. प्लांट चालूच राहिला. त्याचा कोक पूर्वेकडे स्कनथॉर्पला जाई. तिथल्या चार झोतभट्ट्यांना इंग्लंडच्या राण्यांची नावं आहेत : मेरी, बेस, ॲन आणि व्हिक्टोरिया.

मार्च १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करायचा बेत जाहीर केला. वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखालच्या खाणकामगार संघटनेने संप पुकारला. आपल्याकडे मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या गिरणी संपाला दोन वर्षं उलटून गेली होती, हे मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. झोतभट्टीलाही कोक ओव्हनसारखं एकदम बंद करता येत नाही. आतला माल गोठला तर भट्टीच जाते. म्हणून स्कनथॉर्पच्या राण्या जिवंत राहतील एवढाच कोक जाऊ द्यायचा, असं सुरुवातीला ठरलं होतं. मे महिन्यात हे बिनसलं. झोतभट्टीला धोका आहे असं सांगून ब्रिटिश स्टीलने ऑर्ग्रीव्हहून ट्रकांचे ताफे सुरू केले. जेवढं ठरलं होतं त्याहून जास्त माल जातोय, असं संघटनेचं म्हणणं पडलं आणि देशभरातले खाणकामगार ऑर्ग्रीव्हच्या दाराशी जमू लागले.

१८ जूनला कडक ऊन होतं. माणसं बिनबाह्यांच्या बनियनवर, काही उघड्या अंगाने शेतात बसली होती. समोर ठिकठिकाणांहून आणलेले हजारो पोलीस, ढाली, कुत्री आणि घोडेस्वार. कामगारांच्या मागे रेल्वेमार्गाचा खोल उतार आणि पलीकडे जायला एक अरुंद पूल. घोडे अंगावर आल्यावर लोक त्या पुलाकडे, रुळांकडे, गावाकडे पळाले. लाठ्या चालल्या, डोकी फुटली, स्कारगिल यांनाही इजा झाली. त्या संध्याकाळच्या बीबीसीच्या बातम्यांत चित्रफितीचा क्रम उलटा लागला. आधी दगडफेक आणि मग घोडे, असं देशाने पाहिलं.

९५ जणांवर खटले झाले. बहुतेकांवर दंगलीचा आरोप होता, ज्याला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. १९८५ च्या जुलैमध्ये खटला कोसळला. अनेक पोलिसांच्या जबान्यांत वाक्यंच्या वाक्यं तीच होती. कुणालाही शिक्षा झाली नाही. १९९१ मध्ये पोलिसांनी ३९ जणांना मिळून सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली, पण चूक कबूल केली नाही. एकाही अधिकाऱ्यावर कारवाई झाली नाही.

इथपर्यंतचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. मला पुढचं हवं होतं. त्या दिवशी भट्ट्यांवर कोण होतं?

वेव्हर्लीला लागून ट्रीटन नावाचं जुनं खाणगाव आहे. तिथे एक गृहस्थ भेटले, ऐंशीला टेकलेले. ऑर्ग्रीव्हच्या बॅटरीवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. मी भिलाईचा कोकवाला आहे म्हटल्यावर ते उठून आत गेले आणि बुटांचा एक जोड घेऊन आले. वर जाड कातडं, खाली लाकडाचा तळ, टाचेला लोखंडी पट्टी. तळ जळून काळा पडलेला. मला काही विचारावं लागलं नाही. बॅटरीच्या माथ्यावर रबराचा तळ वितळतो, म्हणून आम्हीही लाकडाच्या तळाचंच पादत्राण घालायचो. मग आम्ही दोघं बराच वेळ झाकणं, गळके दरवाजे आणि अडकलेली पुशिंग यांवर बोललो. भट्टीत कोक नीट भाजला नसेल तर तो ढकलताना अडकतो. मग तो हाताने, लांब सळयांनी, उघड्या दारासमोर उभं राहून काढावा लागतो. त्याला त्यांच्याकडे आणि आमच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, पण तोंडावर बसणारी धग तीच.

त्या जूनबद्दल ते थोडं बोलले. ते पाळीवर होते. बॅटरीच्या माथ्यावरून शेत दिसत होतं. त्या गर्दीत त्यांचा मेहुणा होता. कोक प्लांटचे कामगार ब्रिटिश स्टीलचे नोकर, संप खाणकामगारांचा. भट्ट्या सोडून खाली उतरलं असतं तर बॅटरी गेली असती आणि तिच्याबरोबर शेकडो जणांची रोजी. वर राहिलं तर आपण भाजलेला कोक आपल्याच माणसांच्या अंगावरून बाहेर जाणार. ते वरच राहिले. मेहुण्याने पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. ‘आम्ही फितूर नव्हतो,’ एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही वरच राहिलो असतो, हे मी त्यांना सांगितलं. आणि बाहेर शेतात उभी असलेली माणसं बरोबर होती, हेही मला तितकंच पटतं. ज्यांच्या खाणी जायच्या होत्या त्या खरोखरच गेल्या. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंग्ली, २०१५ मध्ये याच यॉर्कशायरात बंद झाली.

मार्च १९८५ मध्ये संप मोडला. ऑर्ग्रीव्हचा कोक प्लांट त्यानंतर जेमतेम पाच वर्षं जगला. १९९० मध्ये तो बंद झाला आणि पुढे पाडला गेला. कोक प्लांट पाडणं हे साध्या इमारतीसारखं नसतं. आधी भट्ट्या रिकाम्या करून थंड होऊ द्यायच्या. विटांवर वर्षानुवर्षं साचलेल्या कार्बनची रुपेरी करडी साय चढलेली असते. ती भिलाईत बॅटरी नव्याने बांधायला काढली तेव्हा मी हाताने सोलून पाहिली आहे. चिमणी पाडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो जमिनीला. डांबर, फिनॉल, सायनाइड मातीत मुरलेलं असतं. शेजारून वाहणारी रॉदर नदी एके काळी देशातल्या सर्वांत घाण नद्यांत गणली जात होती, त्यात कोक प्लांटच्या सांडपाण्याचा मोठा वाटा होता. पाडकाम झाल्यावर ही सगळी जमीन खणून खाली उरलेला कोळसा उघड्या खाणीने काढला गेला, मग खड्डे भरून जमीन पुन्हा बसवली. त्यावर २००१ नंतर कारखाने आणि २०१० नंतर घरं आली. म्हणजे प्लांट तर गेलाच, त्याच्या पायाखालची जमीनही उरली नाही. इथे कुणी उत्खनन केलं तरी काही हाती लागणार नाही. जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे.

ट्रीटनच्या गृहस्थांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या की सोमवारी कपडे दोरीवर घालण्याआधी बायका वाफेचा ढग कुठे झुकतोय ते बघत. वारा आपल्याकडे असेल तर धुणं घरात. चादरीवर काळे ठिपके पडले की पुन्हा धुवा. प्लांट बंद झाल्यावर आभाळ स्वच्छ झालं, आणि रस्त्यावरची चार घरं रिकामी झाली. त्यांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी एका दमात आल्या. मला तेच खरं वाटतं. जुन्या धुराचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोकनिर्मितीचं काम माणसाला कर्करोग देणारं म्हणून नोंदवलं आहे. बॅटरीच्या माथ्यावर काम करणाऱ्याला फुप्फुसाचा धोका सगळ्यात जास्त. वेल्समधल्या अबरकम्बॉय इथे कोळशाच्या भुकटीपासून धूररहित इंधनाच्या विटा करणारा फर्नासाइट प्लांट होता. तो पाडून झाला होता, पण त्याच्या कामगारांचा आजारांबद्दलचा दावा २०१२ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. अशा दाव्यात आजारी माणसाला अमुक साली अमुक जागी आपण काय काम करत होतो, किती धूर होता, तोंडाला काय बांधत होतो, हे सांगावं लागतं. आठवणींची नोंद ही अशा वेळी हौस राहत नाही, तो पुरावा होतो.

ऑर्ग्रीव्हच्या त्या एका दिवसाची नोंद लोकांनी चिकाटीने राखली. २००१ मध्ये जेरेमी डेलर या कलावंताने शेकडो लोकांना घेऊन, त्यांत खरे खाणकामगारही होते, तो प्रसंग त्याच गावात पुन्हा घडवून आणला. २०१२ मध्ये सत्य आणि न्यायासाठी मोहीम उभी राहिली. २०१६ मध्ये सरकारने चौकशी नाकारली, तरी माणसं दर जूनला जमत राहिली. अखेर जुलै २०२५ मध्ये गृहमंत्री इव्हेट कूपर यांनी कायदेशीर चौकशी जाहीर केली. शेफील्डचे बिशप तिचे अध्यक्ष आहेत. एकेचाळीस वर्षं लागली. ज्यांना न्याय हवा होता त्यांतले कित्येक तोवर गेले. पण चौकशी होते आहे, कारण कुणीतरी कागद जपले, फोटो जपले, नावं लिहून ठेवली.

भट्टीवरच्या माणसांसाठी असं फारसं कुणी केलं नाही. आणि आता तो धंदाच ब्रिटनमधून संपला. स्कनथॉर्पच्या कोक ओव्हन २०२३ मध्ये बंद झाल्या. वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलने आपल्या कोक ओव्हन मार्च २०२४ मध्ये थांबवल्या. ज्या देशाने १७०९ मध्ये जगाला कोकवर लोखंड काढून दाखवलं, तिथे आज एकही बॅटरी तापत नाही. एप्रिल २०२५ मध्ये स्कनथॉर्पच्या उरलेल्या दोन झोतभट्ट्या, बेस आणि ॲन, मालाअभावी विझायच्या बेतात आल्या. तेव्हा शनिवारी खास संसद भरवून सरकारला कायदा करावा लागला आणि बोटींनी माल आणावा लागला. १९८४ मध्ये याच राण्यांसाठी ऑर्ग्रीव्हच्या दाराशी डोकी फोडली गेली होती. तो कोक घरचा होता. तो बनवणारे हात घरचे होते. ते ज्ञान पाडकामाच्या राडारोड्याबरोबर गेलं, त्याची किंमत कुणी मोजली नव्हती.

आपल्याकडेही हे चालू आहे. लालबागला बॉम्बे गॅस कंपनीत दगडी कोळसा भाजून गॅस काढत, त्यावर मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे जळत. त्या भट्ट्यांवर राबलेल्या मराठी माणसांच्या आठवणी किती जणांनी लिहून घेतल्या? कोराडी, परळी, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांचे जुने संच बंद झाले आहेत. गिरणगावाचं नशीब जरा बरं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभरेक लोकांचे बोल जमवून २००४ मध्ये त्यांचं पुस्तक केलं, म्हणून साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज आज वाचता येतो. तसं काम प्रत्येक बंद पडलेल्या कारखान्यासाठी व्हायला हवं, आणि त्याला विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या घरात, आळीत, नात्यात बंद झालेल्या कारखान्यातलं कुणी असेल तर या महिन्यातच त्यांच्याजवळ बसा. संप कधी झाला, नेता कोण होता, हे पुस्तकांत सापडेल. तुम्ही त्यांना विचारा : पाळी किती वाजता सुरू व्हायची, हातात कोणतं हत्यार असायचं, पायात काय घालायचात, काम कुणी शिकवलं, शेजारी कोण उभं असायचं. फोनवर आवाज मुद्रित करा, नावं आणि वर्षं कागदावर उतरवा, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.